प्रकाशाचे हातउसने

नेरूळमध्ये आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत सोडियमचे दोन जुने दिवे अजून तग धरून आहेत. आजूबाजूला पांढरे एलईडी आले, पण हे दोघे राहून गेले. गेल्या महिन्यात शेजारच्या नववीतल्या मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघांनी बुटाच्या खोक्याचा वर्णपटदर्शक केला. खोक्याच्या एका टोकाला ब्लेडच्या दोन पात्यांमध्ये केसभर फट ठेवली, दुसऱ्या टोकाला जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवला आणि डोळा लावण्यापुरते भोक पाडले. संध्याकाळी दिवा लागतो तेव्हा सुरुवातीला या खोक्यात एकच बारीक पिवळी रेघ दिसते. दिवा तापत जातो तशी ती रेघ फुगते, तिच्या दोन्ही बाजूंना हिरवा आणि लाल रंग उमटू लागतात, आणि काही मिनिटांत, जिथे मूळ पिवळी रेघ होती नेमक्या त्याच जागी, एक काळा पट्टा उघडतो. "काका, सोडियमच्या दिव्यातून सोडियमचाच रंग गायब कसा?" असे तिने विचारले. या प्रश्नाचे सोपे उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो, पण त्या उत्तराच्या पोटात भौतिकशास्त्रातील एक फार देखणा अपवाद दडलेला आहे आणि हा लेख त्याविषयी आहे.

सोपे उत्तर असे. दिव्याच्या नळीच्या मध्यभागी सोडियमची वाफ अतिशय तप्त असते आणि भिंतीलगत ती त्या मानाने थंड असते. सोडियमचा अणू ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश बाहेर टाकतो, आणि जो प्रकाश तो टाकतो तोच तो गिळूही शकतो. हा नियम गुस्टाफ किर्खहोफ यांनी १८५९ मध्ये मांडला. त्यामुळे मधल्या तप्त वाफेतून निघालेला नेमका ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश कडेच्या थंड वाफेत अडकतो आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा प्रकाश मात्र निसटून आपल्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे सोडियमची वाफ सर्वांत अपारदर्शक असते ती तिच्या स्वतःच्याच रंगाच्या प्रकाशाला.

हे गिळणे किती कडक असते तेही पाहू. पदार्थाच्या प्रत्येक सारख्या जाडीत प्रकाशाचा सारखाच हिस्सा शोषला जातो, म्हणून प्रकाशाची तीव्रता टप्प्याटप्प्याने भागली जात उतरते. ज्या जाडीत ती सुमारे २.७ पटींनी घटते तिला आपण एक शोषण-लांबी म्हणू. अशा दहा शोषण-लांबींची वाफ ओलांडून साधारण २२ हजारांत एक भाग प्रकाश बाहेर येतो. आत शिरलेला प्रकाश दुप्पट केला तर बाहेर पडणाराही दुप्पट होतो, पण २२ हजारांत एक हे प्रमाण बदलत नाही. निदान बिअर-लॅम्बर्टचा नियम तरी असेच सांगतो.

१९६७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत सॅम्युएल मॅककॉल आणि अर्विन हान यांनी दाखवून दिले की, प्रकाशाचा एक पुरेसा लहान, पुरेसा बलवान आणि सुसंगत (सगळ्या लहरी एकाच तालात असलेला) स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, अशाच एखाद्या अपारदर्शक पदार्थातून, अगदी त्याच्या नेमक्या शोषणाच्या वारंवारतेवर असूनही, जवळजवळ काहीही न गमावता आरपार जाऊ शकतो. त्याच वारंवारतेचा दुबळा प्रकाश मात्र त्याच पदार्थात पूर्वीप्रमाणेच गडप होतो. पदार्थ पारदर्शक झाला तो त्या स्पंदामुळे आणि त्या स्पंदापुरताच, म्हणून या घटनेला स्वयंप्रेरित पारदर्शकता असे म्हणतात. यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, हा प्रकाश अणूंना चुकवून जात नाही. तो वाटेतल्या अणूंशी पुरेपूर व्यवहार करतो आणि तो व्यवहार पूर्ण होतो म्हणूनच पार होतो.

अनुनाद समजावताना आपण सगळेच झोपाळ्याचे उदाहरण देतो. सोसायटीच्या बागेतल्या झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके हलके धक्के दिले तर तो उंच चढत जातो आणि भलत्या लयीत दिले तर अडखळतो. अणूचेही तसेच आहे, इथपर्यंत उदाहरण ठीक चालते. प्रकाश म्हणजे वर-खाली होणारे विद्युत क्षेत्र. त्याची वारंवारता अणूच्या दोन ऊर्जा-पातळ्यांमधील फरकाशी जुळली की अणू ऊर्जा उचलू लागतो. पण यापुढे झोपाळा दिशाभूल करतो. झोपाळ्याला धक्के देत राहिलो तर तो वर वर जातच राहतो. अणूला तसे करता येत नाही, कारण या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या त्याच्या पातळ्या दोनच आहेत, एक खालची आणि एक वरची. वर पोहोचल्यावरही प्रकाशाचे धक्के त्याच तालात येत राहिले तर पुढे काय व्हायचे? अणू पलीकडून खाली उतरू लागतो.

म्हणून मी झोपाळा सोडून घड्याळाचा काटा घेतो. काटा सहावर असेल तर अणू खालच्या पातळीत, बारावर असेल तर वरच्या पातळीत, आणि नऊवर किंवा तीनवर असेल तर दोन्हींच्या मधल्या मिश्र अवस्थेत, जिथे अणूतील विद्युतभार प्रकाशाच्या तालावर सर्वांत जोरात डोलत असतो. जुळणाऱ्या वारंवारतेचा प्रकाश हा काटा फिरवतो. काटा सहावरून नऊमार्गे बारावर जातो तेव्हा अणू प्रकाशाकडून ऊर्जा घेतो, आणि बारावरून तीनमार्गे पुन्हा सहावर येतो तेव्हा ती सगळी ऊर्जा प्रकाशाला परत करतो. फिरण्याच्या या क्रियेचे गणित मुळात अणूंच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या इसिडोर राबी यांनी १९३७ मध्ये मांडले. प्रकाश आणि द्विपातळी अणू यांच्यासाठी तेच चित्र काट्याऐवजी गोलावर फिरणाऱ्या बाणाच्या रूपात फाइनमन, व्हर्नन आणि हेलवर्थ यांनी १९५७ मध्ये काढून दिले.

काटा किती फिरेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: क्षेत्र किती तीव्र आहे आणि ते किती वेळ टिकते. स्पंदाच्या विद्युत क्षेत्राचा चढउतार कागदावर काढला तर त्या वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजेच काट्याने कापलेला कोन. त्यात अणूच्या प्रतिसादाची एक ठरावीक संख्या गुणायची, एवढेच. म्हणून या विषयात स्पंदाचे क्षेत्रफळ हा शब्द सतत येतो आणि ते कोनात मोजले जाते. अर्धा फेरा म्हणजे १८० अंश, ज्याला भौतिकशास्त्रज्ञ एक पायचा स्पंद म्हणतात, आणि पूर्ण फेरा म्हणजे ३६० अंश, अर्थात दोन पायचा स्पंद. (हा पाय वर्तुळाच्या परिघाचा, चालण्याचा नव्हे, व्याख्यानात हा खुलासा विसरलो की मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज हमखास येतो.) यात वेगांची तफावत किती आहे पाहा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचे क्षेत्र ५ नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) सुमारे २५ लाख वेळा वर-खाली होते. तेवढ्या वेळात काटा एकच फेरा पुरा करील असा स्पंद घेतला, तर त्या एका फेऱ्यासाठी २५ लाख बारीक धक्के एकाच तालात बसलेले असतात. एकाही धक्क्याने ताल सोडून चालत नाही, म्हणूनच लेझरखेरीज हा प्रयोग शक्य नव्हता.

आता ३६० अंशांचा स्पंद वाफेत सोडू. स्पंदाचा पुढचा अर्धा भाग एखाद्या अणूवरून जातो तेव्हा त्या अणूचा काटा सहावरून बारावर जातो, आणि स्पंदाने त्याला ऊर्जा दिलेली असते. साधा प्रकाश असता तर व्यवहार इथेच संपला असता: अणूने काही वेळाने ती ऊर्जा भलत्याच दिशेला प्रकाश म्हणून उधळली असती किंवा टकरीत उष्णता म्हणून गमावली असती. पण तेवढ्यात स्पंदाचा मागचा अर्धा भाग येऊन पोहोचतो आणि काटा बारावरून सहावर आणून ऊर्जा वसूल करतो. ही वसुली उद्दीपित उत्सर्जनाने होते, म्हणजे परत मिळालेला प्रकाश त्याच दिशेचा, त्याच वारंवारतेचा आणि त्याच तालातला असतो. आपल्याकडे याला हातउसने म्हणतात: व्याज नाही, कागद नाही, सकाळी दिले आणि संध्याकाळी परत. अट एकच, घेणाऱ्याने मधल्या वेळात ते खर्चून टाकता कामा नये. स्पंद निघून गेल्यावर एकेक अणू पूर्वी होता तसा खालच्या पातळीत असतो, जणू काही घडलेच नाही.

ही अट मात्र कडक आहे. सोडियमचा उत्तेजित अणू सरासरी सुमारे १६ नॅनोसेकंदांत आपणहून खाली येतो. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ५ मीटर जातो, म्हणजे आमच्या हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. शिवाय अणू एकमेकांवर आदळत असतील तर काट्याचा प्रकाशाशी असलेला ताल त्याहूनही आधी तुटतो. म्हणून संपूर्ण देवाणघेवाण या दोन्ही वेळांच्या आत उरकावी लागते. स्पंद लहान हवा असे वर म्हटले ते यासाठी, आणि बलवान हवा ते अशासाठी की इतक्या थोड्या वेळात पूर्ण फेरा घडला पाहिजे.

किती बलवान? इथे मला स्वतःला हिशेब करताना आश्चर्य वाटले होते. अरेषीय प्रकाशिकी म्हटले की, जिथे प्रकाश पदार्थाचे वागणेच बदलतो आणि परिणाम कारणाच्या प्रमाणात राहत नाही असे प्रयोग, म्हणजे प्रचंड तीव्रता, अशी समजूत असते आणि ती बहुतांशी खरीही आहे. १९६१ मध्ये पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी माणिक-लेझरचा लाल प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवून त्याच्या दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळवला, तेव्हा तो इतका क्षीण होता की फोटोच्या काचेवरचा त्याचा बारीक ठिपका छापणाऱ्यांनी डाग समजून काढून टाकला. ज्या लेखाचा तो पुरावा होता त्याच लेखातून पुरावा गायब! पण अनुनादावर गोष्ट वेगळी असते, कारण तिथे प्रत्येक धक्का कामी येतो. सोडियमसारख्या जोरकस प्रतिसाद देणाऱ्या अणूला ५ नॅनोसेकंदांत पूर्ण फेरा घालायला लावण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला काही वॅट एवढीच तीव्रता पुरते. मॅककॉल आणि हान यांनी वापरलेल्या माणिकातील क्रोमियमचा प्रतिसाद याहून फार दुबळा, त्यामुळे त्यांना बराच अधिक जोर लावावा लागला.

या व्यवहाराचा एक परिणाम बाहेरून मोजता येतो, आणि प्रयोगात ओळखीची खूण म्हणून तोच कामी येतो: स्पंद उशिरा पोहोचतो. स्लॅब टाकण्याच्या दिवशी बांधकामावर घमेली हातोहात वर जातात ते आठवा. घमेले एका हातातून दुसऱ्या हातात क्षणार्धात जाते, पण प्रत्येक जण ते क्षणभर पेलून धरतो आणि वर पोहोचायला लागणारा वेळ बहुतेक या धरून ठेवण्यातच जातो. स्पंदाची ऊर्जाही तशीच वाटेवरच्या अणूंकडे काही काळ राहते. त्याचा पुढचा भाग सतत खोडला जातो आणि मागचा भाग सतत भरला जातो, त्यामुळे एकंदर आकार तोच राहून तो हळूहळू सरकतो. सूत्र साधे आहे: जितक्या शोषण-लांबी ओलांडायच्या त्याला स्पंदाच्या कालमानाने गुणायचे आणि निम्मे करायचे. वर घेतलेली दहा शोषण-लांबींची वाफ एका सेंटिमीटरच्या नळीत असेल आणि कालमान २ नॅनोसेकंद असेल तर उशीर होतो १० नॅनोसेकंद. मोकळ्या जागेत हे अंतर प्रकाश ०.०३ नॅनोसेकंदात तोडतो. म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश इथे साधारण १ हजार किलोमीटरवर आला, सुमारे ३०० पट मंद. याचाच दुसरा अर्थ असा की, कोणत्याही क्षणी त्या स्पंदाच्या ऊर्जेचा ३०० पैकी जेमतेम एक भाग प्रकाशाच्या रूपात असतो आणि बाकी सगळी ऊर्जा अणूंकडे उसनी असते. नळीतून पुढे सरकते त्याला प्रकाश म्हणावे की फिरत्या काट्यांची लाट, हा प्रश्न मला अजूनही गमतीचा वाटतो.

पण स्पंद नेमका ३६० अंशांचा नसेल तर? या प्रश्नाच्या उत्तरात मॅककॉल आणि हान यांचे खरे कर्तृत्व आहे. त्यांनी सिद्ध केले की पदार्थातून पुढे जाताना स्पंदाचे क्षेत्रफळ आपोआप बदलते आणि त्या बदलाची दिशा त्या कोनाच्या ज्या-फलावर, म्हणजे शाळेत शिकलेल्या साइनवर, ठरते. १८० अंशांच्या खालचा स्पंद घटत घटत शून्याकडे जातो. हा आपला नेहमीचा शोषणाचा नियम झाला. १८० अंशांच्या वरचा, पण ५४० च्या आतला कोणताही स्पंद ३६० कडे ओढला जातो. म्हणजे १७० अंशांचा स्पंद बुडतो आणि १९० अंशांचा तरतो. तो नुसता तरत नाही, त्याचे क्षेत्रफळ वाढतेही. बाहेरून ऊर्जा पुरवणारे कोणी नसताना वाढते कसे, हे कोडे पहिल्यांदा वाचणाऱ्या प्रत्येकाला पडते. उत्तर असे की, क्षेत्रफळ क्षेत्राच्या पहिल्या घातावर आणि ऊर्जा दुसऱ्या घातावर अवलंबून असते. स्पंदाची उंची निम्मी आणि लांबी दुप्पट झाली तर क्षेत्रफळ तेवढेच राहते, पण ऊर्जा निम्मी होते. आणि लांबी दुपटीहून अधिक वाढली तर ऊर्जा घटूनही क्षेत्रफळ वाढते. १९० अंशांचा स्पंद नेमके हेच करतो. थोडी ऊर्जा सुरुवातीच्या अणूंकडे कायमची सोडून देतो, ठेंगणा आणि लांब होतो आणि पुढे ३६० अंशांचा होऊन चालू लागतो.

उलट ७२० अंशांचा, म्हणजे दोन फेऱ्यांचा स्पंद सोडला तर तो वाटेत फुटून ३६० अंशांचे दोन स्पंद होतात. दोन्हींचे क्षेत्रफळ सारखे, त्यामुळे जो उंच तो अरुंद आणि जो ठेंगणा तो रुंद; आणि उशीर कालमानाच्या प्रमाणात असल्याने अरुंद स्पंद पुढे निघतो व रुंद मागे पडतो.

यातही एक गुंता आहे, जो मी आतापर्यंत झाकून ठेवला होता. वाफेतल्या सगळ्या अणूंची वारंवारता तंतोतंत एक नसते. प्रकाशाच्या दिशेने धावणाऱ्या अणूला ती थोडी वेगळी भासते, दूर जाणाऱ्याला आणखी वेगळी. स्फटिकात प्रत्येक अणूच्या आसपासची रचना किंचित निराळी असते. ढोलपथकात शंभर जणांनी एकदम सुरुवात करावी आणि प्रत्येकाची लय केसभर वेगळी असावी, तसे हे. मग पूर्ण फेरा नेमका कोणाचा व्हायचा? जो अणू नेमक्या लयीत नाही त्याचा काटा वाकड्या वाटेने जातो आणि कधी बारापर्यंत पोहोचतच नाही. अपेक्षा अशी की, अशा अणूंकडे थोडी थोडी थकबाकी राहील आणि स्पंद झिजत जाईल. पण मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना सावकाश विरत जाणाऱ्या एका विशिष्ट घाटाच्या स्पंदासाठी (गणितात त्याला हायपरबोलिक सीकंट म्हणतात) असे निघते की, लयीत असलेला असो वा नसो, प्रत्येक अणू शेवटी बरोबर सहावर परत येतो. कोणी पूर्ण वर जाऊन येतो, कोणी निम्म्या वाटेवरून वळतो, पण उसने सगळेच फेडतात. शिवाय वाटेत आपोआप घडणारा स्पंद नेमका याच घाटाचा होतो. मी हे गणित पहिल्यांदा वहीवर सोडवले तेव्हा उत्तर चुकले असे समजून पुन्हा पहिल्यापासून केले होते.

हान यांच्याच हातून हे व्हावे यात योगायोग कमी आहे. त्यांनी १९५० मध्ये चुंबकीय अनुनादातील प्रतिध्वनी, स्पिन-एको, शोधून काढला होता. प्रोटॉनच्या काट्याला ९० अंश, मग १८० अंश फिरवून विखुरलेला ताल पुन्हा जुळवणारी ही युक्ती आज ठाण्या-वाशीच्या प्रत्येक एमआरआय केंद्रात वापरात असते. दीड टेस्लाच्या यंत्रात प्रोटॉनचा काटा सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी फिरवला जातो. रेडिओलहरींच्या जगात अंशांचे हे हिशेब रोजचे होते. प्रकाशाच्या जगात ते पोहोचले लेझर आल्यावर. १९६४ मध्ये कर्निट, अबेला आणि हार्टमन यांनी माणिकातच प्रकाशाचा प्रतिध्वनी मिळवला. फरक असा की, एमआरआयमध्ये रेडिओलहर नमुन्याला आरपार सारखीच पोहोचते, पण प्रकाशाचा स्पंद पदार्थातून जाताना स्वतःही बदलतो. अणू प्रकाशाला घडवतात आणि प्रकाश अणूंना. दोन्हींची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात.

मॅककॉल आणि हान यांच्या प्रयोगात प्रकाश माणिक-लेझरचा होता, सुमारे ६९३.४ नॅनोमीटरचा, आणि तो जाणार होता तेही माणिकच. लेझरचा माणिक द्रवरूप नायट्रोजनने थंड केला होता, म्हणजे त्याच्या प्रकाशाची वारंवारता नमुन्याच्या शोषणाशी जुळावी; नमुना द्रवरूप हेलियमच्या आसपासच्या तापमानाला ठेवला होता, म्हणजे स्फटिकातील कंपनांनी ताल मोडू नये. ठरावीक तीव्रतेच्या वर स्पंद पार होऊ लागला आणि उशिराने होऊ लागला. तरीही शंकेला जागा होती, कारण लेझरचा झोत मध्ये तीव्र आणि कडेला क्षीण असतो: मध्ये ३६० अंश झाले तरी कडेला १८० सुद्धा होत नाहीत आणि तो भाग शोषलाच जातो. ही शंका हायॅट गिब्ज आणि रिचर्ट स्लशर यांच्या १९७० च्या सुमाराच्या प्रयोगांनी फिटली. त्यांनी रुबिडियमची वाफ घेतली, तीव्र चुंबकीय क्षेत्राने तिची एकच स्वच्छ द्विपातळी जोडी लेझरच्या वारंवारतेवर आणून बसवली आणि झोताच्या मधल्या सारख्या भागाकडेच पाहिले. उशीर, एका स्पंदाचे दोन होणे, तीन होणे, हे सगळे गणिताने सांगितले तसेच दिसले.

ज्यांच्याशी स्वयंप्रेरित पारदर्शकतेची गल्लत होते अशा दोन गोष्टी आहेत. प्रखर प्रकाशात पदार्थ संतृप्त होतो, म्हणजे निम्मे अणू वर अडकून पडतात आणि शोषायला पुरेसे उरत नाहीत, तेव्हाही प्रकाश पार होतो. पण तिथे वर गेलेल्या अणूंची ऊर्जा बुडीत खाती जाते. स्पंद गेल्यावर अणू वर उरले की खाली आले, हे पाहिले की दोन्हींतला फरक कळतो. दुसरी, विद्युतचुंबकीय प्रेरित पारदर्शकता: १९९० च्या सुमारास स्टॅनफर्डच्या स्टीफन हॅरिस यांनी मांडलेल्या या प्रकारात दुसरा एक लेझर तीन पातळ्यांच्या अणूला अशा अवस्थेत नेतो की तो पहिल्या प्रकाशाला प्रतिसादच देत नाही. लेने हाऊ यांनी १९९९ मध्ये सोडियमच्या अतिशीत वायूत प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरवर आणला तो याच मार्गाने. वर्तमानपत्रांतून "मंद प्रकाश" म्हणून जे वाचायला मिळते ते बहुधा हे असते. तिथे अणू व्यवहार नाकारतो, आपल्या गोष्टीत तो पुरा करतो.

ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, या स्पंदांचे वर्णन करणारे समीकरण आदर्श परिस्थितीत साइन-गॉर्डन नावाच्या समीकरणाचे रूप घेते, आणि एकट्याने न विस्कटता जाणाऱ्या, एकमेकींतून पार होऊनही आपला आकार राखणाऱ्या ज्या लहरींना सॉलिटॉन म्हणतात त्यांच्या कुळात ३६० अंशांचा स्पंद मोडतो. अशी लहर स्कॉटलंडमध्ये जॉन स्कॉट रसेल यांनी १८३४ मध्ये कालव्याच्या पाण्यात पाहिली होती आणि घोड्यावरून तिचा पाठलाग केला होता. इंटरनेटच्या तंतूंमधून जाणारे सॉलिटॉन मात्र वेगळ्या कारणाने टिकतात; त्यात अनुनादाचा संबंध नसतो.

या घटनेवर चालणारे एखादे यंत्र दुकानात मिळते का, असे विचाराल तर माझ्या मते तिचे मोल यंत्रापेक्षा समजुतीत अधिक आहे. द्रवरूप हेलियम किंवा विरळ वाफ, नॅनोसेकंदांचे शिस्तबद्ध स्पंद, हे सांभाळून व्यापारी उपकरण करणे जिकिरीचे आहे. पण प्रकाशाच्या एका स्पंदाने अणूचा काटा हवा तितकाच फिरवायचा आणि ताल तुटायच्या आत काम उरकायचे, ही आज क्वांटम संगणकावर काम करणाऱ्यांची रोजची कसरत आहे, आणि तिची भाषा हीच आहे: ९० अंश, १८० अंश, ३६० अंश.

हे सगळे त्या मुलीला दोन संध्याकाळी कठड्याशी उभे राहून सांगितले. दिव्याचा प्रकाश स्वतः हे का करू शकत नाही ते तिला लगेच उमगले: तप्त वाफेतला प्रत्येक अणू आपापल्या वेळी, आपापल्या तालात प्रकाश टाकतो, मग एका तालातले २५ लाख धक्के कोठून येणार? तिचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. बाहेरून लेझरचा स्पंद सोडून हा काळा पट्टा ओलांडता येईल का? आम्ही कागदावर अंदाज बांधला. पेटलेल्या दिव्याच्या नळीत सोडियमची वाफ इतकी दाट असते की, टकरींमुळे ताल नॅनोसेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच तुटतो. म्हणजे ५ नॅनोसेकंदांचा स्पंद चालणार नाही, त्याहून हजारपट लहान, म्हणजे ५ पिकोसेकंदांचा, हवा. क्षेत्रफळ ३६० अंशच ठेवायचे तर क्षेत्र हजारपट वाढवावे लागेल, आणि तीव्रता क्षेत्राच्या वर्गावर जात असल्याने ती दहा लाख पट. काही वॅटचे दर चौरस सेंटिमीटरला काही दशलक्ष वॅट झाले. "पण पाचच पिकोसेकंद ना, काका?" तिने विचारले, आणि गुणाकार करून दाखवला: ऊर्जा भरते दर चौरस सेंटिमीटरला एका ज्यूलच्या लाखाव्या भागाच्या काही पट, एवढीच.